मालवणच्या समुद्रात परका जीव दिसला तर नोंद कशी करायची, कुठे कळवायचं

मालवणला स्कूबा करून आलेले लोक फोटो टाकतात आणि त्यात दर थोड्या दिवसांनी कोणीतरी लायनफिशचा फोटो टाकून खाली लिहितं, "बापरे, इन्व्हेजिव्ह लायनफिश आपल्याकडे पण आला!" अरे बाबांनो, तो आला नाही, तो इथलाच आहे. हिंदी आणि पॅसिफिक महासागर हेच त्याचं घर. अमेरिकेत तो परका आहे, तिकडे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये पहिल्यांदा दिसला आणि मग सगळ्या कॅरिबियनमध्ये त्याने धुमाकूळ घातला. भाला घेऊन लायनफिश मारायचे जे व्हिडिओ तुम्ही बघता ते तिकडचे. इकडे अभयारण्यात कोणी तसं करायला गेलं तर सरळ शिकारीचा गुन्हा लागेल.

म्हणजे पहिली गोष्ट हीच की आपलं काय ते आधी माहीत पाहिजे. जाळी फाडणारे केंड मासे, ट्रिगरफिशचे थवे, जेलीफिशचे लोंढे, या सगळ्यांचा मच्छिमारांना प्रचंड त्रास होतो पण म्हणून ते परके ठरत नाहीत. परका आक्रमक, म्हणजे इन्व्हेजिव्ह, तो जो माणसामुळे, बोटीच्या तळाला चिकटून किंवा जहाजाच्या बॅलास्टच्या पाण्यातून (तोल सांभाळायला जहाजात भरलेलं पाणी) किंवा शेतीसाठी मुद्दाम आणलेला, आणि इथे येऊन पसरून इथल्यांची जागा खायला लागलेला. दोन्ही गोष्टी लागतात, आलेला पण आणि पसरणारा पण.

आता मालवणच का, तर महाराष्ट्रात प्रवाळ असलेलं सागरी अभयारण्य म्हटलं की हेच. १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला साधारण ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडच्या आसपासचा. गंमत म्हणजे किल्ल्यावर होडीने जाणाऱ्या दहातल्या नऊ जणांना आपण अभयारण्यातून चाललोय हे माहीतच नसतं. तुम्ही ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याजवळ राहत असाल तरी खालचं बरंचसं तुम्हाला लागू पडेल, तिथे प्रवाळ नाहीत पण शिंपल्यांचा भाग नक्की वाचा.

नक्की काय शोधायचं

यादी मोठी केली की कोणी काहीच शोधत नाही, म्हणून मी चारच सांगतो.

सगळ्यात आधी छोटे काळपट शिंपले. दोन प्रकार लक्षात ठेवा. एक मायटिलॉप्सिस सालेई, मूळचा अमेरिकेकडच्या उष्ण अटलांटिकमधला, भारतात विशाखापट्टणमच्या बंदरात १९६७ मध्ये नोंद झाली, नंतर मुंबईच्या गोद्यांमध्येही सापडला. आकाराने एवढासा, अडीच सेंटीमीटरच्या आत. दुसरा मायटेला स्ट्रिगाटा, हा पण मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा, फिलिपिन्स, सिंगापूर, थायलंड करत केरळात पोचला आणि तिथे अष्टमुडी, वेंबनाड अशा खाड्यांमध्ये शिनाण्यांची आणि तिसऱ्यांची (आपण खातो ते शिंपले) जागा घेऊन बसला. चेन्नईच्या उत्तरेला एन्नोर आणि पुलिकत भागात तर मच्छिमारांनीच ओरड केली की खाडीचा तळ या शिंपल्यांनी झाकला, कोळंबीला जागाच उरली नाही.

हे ओळखायचे कसे? बाहेरून बघून फसायला होतं कारण आपल्याकडचे लहान शिंपले पण काळेच दिसतात. मेलेला, रिकामा शिंपला घ्या (अभयारण्याच्या आत परवानगी असेल तरच, आणि जिवंत उपटायचा नाही, का ते पुढे सांगतो) आणि उघडून टोकाकडच्या बाजूला आत बघा. मायटिलॉप्सिसला त्या निमुळत्या टोकाच्या आत एक छोटीशी आडवी फळी असते, अंगठ्याचं नख फिरवलं तर अडकतं. मायटेलाला ती फळी नसते, आतून बहुतेक वेळा जांभळट झाक असते आणि बाहेरचा रंग काळा, तपकिरी, कधी हिरवट-पट्टेवाला असा काहीही असू शकतो. हिरवे शिनाणे तुम्ही बाजारात बघितलेले असतातच, त्यांची कड हिरवी असते आणि मोठे झाले की या दोघांपेक्षा बरेच मोठे होतात. आणि ज्या लहान शिंपल्याच्या पाठीवर टोकापासून कडेपर्यंत उभ्या रेघा उठलेल्या आहेत तो बहुतेक आपलाच, त्याला सोडून द्या. नख फिरवायची ही युक्ती लक्षात ठेवा, फोटोवरून जे तज्ज्ञाला सांगता येत नाही ते यातून कळतं. फोटो काढताना पण बाहेरचा एक आणि आतल्या टोकाचा एक असे दोन्ही काढा.

दुसरं, स्नोफ्लेक कोरल, म्हणजे कॅरिजोआ रिसेई. कपारीत, खडकाच्या छज्जाखाली, जेटीच्या खांबांवर, बुडालेल्या जहाजांवर, जिथे उन्हाची थेट तिरीप येत नाही पण पाणी वाहतं राहतं तिथे याचे झुपके असतात. पातळ फांद्या, आणि त्यावर पांढरी शुभ्र फुलं उमललेली. जवळ जाऊन एका फुलाच्या पाकळ्या मोजा, बरोब्बर आठ भरल्या आणि प्रत्येक पाकळीच्या कडेला पिसासारखी झालर दिसली की समजा त्या दिशेने चाललोय. फांद्यांवर बऱ्याचदा नारिंगी किंवा लालसर स्पंज चढलेला असतो त्यामुळे लांबून झुपका नारिंगी वाटतो. इथेच लोक घोळ करतात, ट्युबास्ट्रीया नावाचं नारिंगी कप कोरल असतं ते बघून कॅरिजोआ म्हणून टाकतात. ट्युबास्ट्रीया कडक असतं, दगडी कप असतात, पाकळ्या भरपूर आणि पिवळ्या-नारिंगी, आणि ते मूळचं आपल्याच महासागरातलं.

कॅरिजोआचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. त्याचं वर्णन पहिल्यांदा कॅरिबियनमधून झालं म्हणून सगळे त्याला तिकडचं समजायचे. हवाईत ते पर्ल हार्बरमध्ये दिसलं आणि पुढे २००१ च्या सुमारास माउई बेटाजवळ खोल पाण्यात काळ्या प्रवाळाची झाडंच्या झाडं त्याने गुदमरवलेली सापडली. मग जनुकीय अभ्यास झाले तेव्हा मूळ इंडो-पॅसिफिककडे असल्याचं दिसलं. भारतात मन्नारचं आखात, कच्छचं आखात, केरळ, अंदमान अशा नोंदी आहेत. त्यामुळे आपल्याकडे त्याला परकं म्हणायचं की जुनंच म्हणायचं हा वाद शास्त्रज्ञांचा, तो त्यांना घालू द्या. आपल्याला बघायचंय ते हे की एखाद्या जागी ते वाढतंय का, दुसऱ्या जिवंत प्रवाळावर किंवा सी फॅनवर (पंख्यासारखं पसरणारं प्रवाळ) चढतंय का. गेल्या वर्षी हाताच्या पंजाएवढा झुपका होता, यंदा अख्खी कपार भरली, ही नोंद "इन्व्हेजिव्ह सापडलं!!" या पोस्टपेक्षा शंभरपट कामाची.

तिसरं, कॅपाफायकस. हे समुद्री शेवाळ कॅरेजिननसाठी (खाद्यपदार्थ घट्ट करायला वापरतात तो पदार्थ) लावतात, शेती चांगला पैसा देते आणि मी तिच्या विरोधात नाही. पण तमिळनाडूत मंडपमकडे शेती सुरू झाली आणि २००८ मध्ये मन्नारच्या आखातातल्या कुरुसडई बेटाजवळ, जे सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे हेच शेवाळ जिवंत प्रवाळावर चादरीसारखं पसरलेलं सापडलं. जाड, गुळगुळीत, रबरी, हिरव्या ते तपकिरी फांद्या, हाताला कडक लागतात. मालवणला खडकावर असं काही पसरलेलं दिसलं तर लगेच कळवा, आणि पाण्यात सुटलेल्या तराफ्याच्या दोऱ्या, बांबू दिसले तर त्यांचे पण फोटो घ्या.

चौथं, आसिडियन म्हणजे सी स्क्वर्ट, एका जागी चिकटून राहणारे मऊ, पिशवीसारखे जीव, यांचे चिकट पापुद्रे दोऱ्यांवर, प्रवाळावर पसरतात. यातलं परकं कोण आणि आपलं कोण हे फोटोवरून सांगणं तज्ज्ञालाही जड जातं. त्यामुळे नावाच्या भानगडीत न पडता "जिवंत प्रवाळावर पापुद्रा चढलाय" एवढंच लिहा.

कधी आणि कुठे बघायचं

खडकांवर चालत बघायचं असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दोन-तीन दिवस घ्या, तेव्हा सुकती सगळ्यात खाली जाते. मालवणला उधाणाच्या दिवसांत भरती साधारण दुपारच्या आसपास येते म्हणजे सुकती पहाटे नाहीतर संध्याकाळी, तरी त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघूनच निघा. पाणी सर्वात खाली जायच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी चढायला लागलं की मागे फिरायचं, फोटो राहिला तर राहिला. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, पाणी फार उतरत नाही तेव्हा) जाऊन उपयोग नाही, बघायचे खडक पाण्याखालीच राहतात. पायात जाड तळव्याचे बूट, कालवांची कड ब्लेडसारखी असते.

पाण्याखालचं काम ऑक्टोबर ते मे. पावसात पाणी गढूळ आणि कोणी नेणारही नाही.

पण माझं ऐकाल तर सगळ्यात भारी जागा पाण्यात नाहीच, ती किनाऱ्यावर आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्याच्या आगेमागे होड्या वर ओढतात, तळ खरवडतात, शाकारून ठेवतात. त्या वेळी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर फेरी मारा. वर्षभर समुद्रात फिरलेल्या होडीचा तळ तुमच्या डोळ्यासमोर उलगडलेला असतो, हवेचा टँक नको, परमिशन नको, फक्त होडीवाल्याला विचारायचं, "काका, जरा तळाचो फोटो काढू काय?" बहुतेक जण हो म्हणतात आणि वर माहितीही देतात. एकाने मला शिंपल्यांच्या थराकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्यां पयल्यापासून असा, पन ह्यां बारीक काळां बापजन्मात बगूक नाय." हे दुसरं वाक्य ऐकलं की फोन बाहेर काढायचा. ज्या गोष्टीला जुन्या मच्छिमाराकडे नावच नाही ती नीट बघावी, हा साधा नियम मी पाळतो. नाव नाही म्हणजे परकं असं नाही, पण बघण्यालायक नक्की.

तसंच जेटीचे खांब, नांगराच्या दोऱ्या, बोया, जाळ्याचे फ्लोट, मेलेली जाळी. परका जीव आधी माणसाने बांधलेल्या किंवा टाकलेल्या वस्तूंवर येतो आणि मग खडकाकडे सरकतो. रापण ओढणारे, गिलनेट टाकणारे आणि डाइव्ह गाइड, हे लोक रोज पाण्यात असतात, संशोधक वर्षातून एकदा-दोनदा येतो. त्यामुळे पहिला डोळा यांचाच पडणार, फक्त तो कागदावर येत नाही एवढीच अडचण.

नोंद कशी घ्यायची

एखादा सुंदर फोटो म्हणजे नोंद नाही. तीन फोटो लागतात. पहिला लांबून, म्हणजे जागा कळेल असा, मागे किल्ल्याची तटबंदी किंवा खांब किंवा खडकाचा आकार येऊ द्या. दुसरा मध्यम, बाजूला मोजमापासाठी काहीतरी ठेवून. काहीच नसेल तर दहा रुपयाचं नाणं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. हाताचं बोट नको, कोणाचं बोट केवढं ते कोणाला माहीत. तिसरा एकदम जवळून, ज्यात फुलाच्या पाकळ्या किंवा शिंपल्याची कड मोजता येईल.

पाण्याखाली पाच-सात मीटरच्या पुढे लाल रंग विरून जातो, सगळं निळं-हिरवट येतं, मग नारिंगी स्पंज आहे का तपकिरी ते कळत नाही. छोटा टॉर्च मारा आणि मग फोटो काढा. व्हिडिओ काढत असाल तर कॅमेरा हलवत पुढे जाऊ नका, एका जागी पाच सेकंद थांबा.

जागा. फोनचं जीपीएस पाण्याखाली चालत नाही. बोटीवरून उडी मारायच्या आधी फोनवर लोकेशन घ्या आणि स्क्रीनशॉट काढा, वर आल्यावर पुन्हा घ्या. ॲक्शन कॅमेऱ्याचं घड्याळ बहुतेक वेळा चुकीचं असतं, तर सुरुवातीलाच फोनची वेळ दाखवणारी स्क्रीन त्या कॅमेऱ्याने फोटोत घ्या, म्हणजे नंतर किती मिनिटांचा फरक आहे ते काढता येतो. खोली डाइव्ह कॉम्प्युटरवरून, नसेल तर गाइडला विचारून अंदाजे, आणि अंदाजे आहे असं लिहा.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले की त्यातली तारीख-लोकेशनची माहिती उडते, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा आणि पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

किती आहे हे मोजायचं असेल तर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची ५० बाय ५० सेंटीमीटरची चौकट करा, हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळतं, पाइपला भोकं पाडा म्हणजे पाणी आत शिरून ती बुडेल. त्यात आडव्या पाच आणि उभ्या पाच अशा दोऱ्या बांधल्या की पंचवीस गाठी होतात. प्रत्येक गाठीखाली काय आहे ते मोजायचं, सात गाठींखाली कॅरिजोआ आलं तर सात चोक अठ्ठावीस, म्हणजे २८ टक्के. एवढं सोपं आहे. पुढच्या वेळी त्याच जागी, त्याच चौकटीने. पण अभयारण्याच्या आत चौकट ठेवणं, दोरी लावणं, प्लेट टांगणं, काहीही उचलणं याला वनविभागाची लेखी परवानगी लागते, ती आधी घ्या. परवानगी नसेल तर नुसते पाण्यातून फोटो, हात न लावता. प्रवाळावर चौकट तर टेकवायचीच नाही.

आणि हे फार महत्त्वाचं, काही सापडलं नाही तर ते पण लिहा. "अमुक तारखेला जेटीचे बारा खांब वीस मिनिटं बघितले, काळा शिंपला नाही." हे कोणीच लिहीत नाही. पण उद्या तो सापडला तर कधीपासून आला हे याच ओळीवरून कळणार. ऑस्ट्रेलियात डार्विन शहरात १९९९ च्या मार्चमध्ये मायटिलॉप्सिस सापडला, तेव्हा सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीची नोंद होती की तिथे तो नव्हता, आणि या सहा महिन्यांत काही ठिकाणी एका चौरस मीटरला वीस हजारांच्या वर झाले होते. तारीख माहीत होती म्हणून कुठल्या बोटी दरम्यान तिथून बाहेर गेल्या ते शोधता आलं. त्यांनी मरीनांची (बोटी लावायच्या बंदिस्त जागा) पाणदारं बंद केली, क्लोरीन आणि कॉपर सल्फेट टाकलं, आतलं जवळपास सगळंच मेलं पण शिंपला गेला. मालवणच्या उघड्या समुद्राला दारं नाहीत, तिथे विष ओतायचा प्रश्नच येत नाही, म्हणून आपल्याकडे लवकर दिसणं एवढंच हातात आहे.

उपटायचं नाही

हे वेगळं सांगतो कारण उत्साही लोकांचा हात शिवशिवतो. कॅपाफायकसचा, कॅरिजोआचा तुकडा तुटला की तो तुकडा दुसरीकडे वाढू शकतो, म्हणजे तुम्ही साफसफाई करताय असं वाटतं आणि प्रत्यक्षात पेरणी करताय. शिंपले त्रासले की अंडी-शुक्राणू पाण्यात सोडू शकतात. शिवाय अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे, प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि तुम्ही ओळखण्यात चुकलात आणि आपलंच प्रवाळ उपटलंत तर "मला वाटलं परकं आहे" हे कोर्टात चालणार नाही. काढायचं की नाही, कसं काढायचं हे वनविभाग आणि शास्त्रज्ञ ठरवतील.

याच कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने परक्या आक्रमक प्रजातींची व्याख्या आणि ६२अ हे कलम आलं, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्याने केंद्र सरकारला अशा प्रजातींची आयात, बाळगणं, पसरवणं यावर नियंत्रण ठेवता येतं. म्हणजे तुमची नोंद नुसती हौस नाही, तिला कायद्यात जागा आहे.

होडीचा तळ खरवडला तर तो कचरा परत पाण्यात ढकलू नका, भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर टाका, उन्हात वाळू दे. डाइव्हिंगचं सामान एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. गोव्यात सकाळी डाइव्ह आणि दुसऱ्या दिवशी तोच ओला सूट मालवणला, हे सर्रास चालतं, बंद करा.

कुठे कळवायचं

पहिलं कळवणं वनविभागाला. मालवणचा भाग कांदळवन कक्षाकडे आहे, तिथल्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या, ईमेल असेल तर ईमेल. कोणाचा नंबर नसेल तर महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. फोनवर सांगितलं तरी नंतर लेखी पाठवाच, तोंडी सांगितलेलं बदलीबरोबर जातं. शिंपल्यांचा, शेवाळाचा विषय असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला प्रत द्या. ओळख पटवायला गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, सीएमएफआरआयची (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) मुंबई आणि कारवारची केंद्रं आहेत, झूलॉजिकल सर्व्हेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. आणि तुमच्या ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची जैवविविधता व्यवस्थापन समिती, ती कागदावर तरी सगळीकडे आहे, तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत ही नोंद जायला हवी. समितीला जाग आणायचं हे निमित्तच समजा.

मेसेज कसा असावा याचा नमुना देतो, तारीख-जागा उदाहरणापुरती:

"विषय: मालवण सागरी अभयारण्यात संशयित परक्या शिंपल्यांची नोंद. दिनांक १२ जानेवारी, सकाळी ६.४०, सुकती. जागा: जेटीचा समुद्राकडचा तिसरा खांब, लोकेशन सोबत. पाण्याच्या रेषेपासून अर्धा मीटर खालपर्यंत, साधारण दोन हात रुंदीचा पट्टा. आकार १ ते २ सेंटीमीटर. रिकाम्या शिंपल्यात टोकाला आतून फळी दिसते, फोटो ४ बघा. जिवंत नमुना काढलेला नाही. याच खांबावर नोव्हेंबरमध्ये नव्हते, तेव्हाचा फोटो सोबत. ओळख नक्की नाही, तपासून कळवावं ही विनंती. नाव, फोन."

बघा, यात कुठेही "घातक", "हल्ला", "संकट" नाही. मोजमाप आहे, काय बघितलं ते आहे, काय केलं नाही ते पण आहे. "ओळख नक्की नाही" हे लिहायला लाजू नका, उलट ते वाचून समोरचा माणूस तुम्हाला गंभीरपणे घेतो.

याच्या जोडीला आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर टाका. आयनॅचरलिस्टवर तारीख आणि जागा भरली नाही तर नोंद कॅज्युअलमध्ये जाऊन पडते आणि कोणी बघत नाही. प्रजातीचं नाव ठामपणे टाकू नका, "शिंपल्यांचा वर्ग बायव्हाल्विया" किंवा नुसतं "ऑक्टोकोरल" (आठ पाकळ्यांचं प्रवाळ) एवढंच टाका, पुढचं जाणकार करतील, नाहीतर तुमच्या अंदाजाला दोघं-तिघं न बघता हो म्हणतात आणि चुकीची नोंद पक्की होऊन बसते. लोकेशनचा गोल (जागेत किती चूक असू शकते ते दाखवणारा) लहान ठेवा, पाच किलोमीटरचा गोल म्हणजे अर्धं मालवण आणि निम्मं अभयारण्य. मात्र तिथे "सापडलं नाही" ही नोंद करता येत नाही, ती तुमच्या स्वतःच्या एक्सेल शीटमध्ये ठेवा: तारीख, जागा, किती वेळ बघितलं, किती जणांनी, पाणी कसं होतं, काय नाही दिसलं.

एक विनंती, ओळख पटायच्या आधी रील बनवू नका. "मालवणच्या समुद्रात विषारी परदेशी शिंपले" असं एकदा फिरलं की दुसऱ्या दिवशी बाजारात बसलेल्या बाईच्या पाटीतल्या तिसऱ्या आणि कालवं कोणी घेत नाही, आणि तिचा यात काहीच संबंध नसतो. मग पुढच्या वेळी तीच माणसं तुम्हाला काही दाखवणार नाहीत. ज्याने पहिल्यांदा दाखवलं त्या मच्छिमाराचं नाव त्याला विचारून नोंदीत घाला, बरेच जण हो म्हणतात, काही जण नको म्हणतात, नको म्हटलं तर नको.

उत्तर आलं नाही तर

येत नाही, बऱ्याचदा. पंधरा दिवसांनी त्याच ईमेलला जोडून त्याच जागेचा नवा फोटो पाठवा, नवीन तक्रार नको. "१२ जानेवारीला दोन हात पट्टा होता, आज तीन हात आहे" या वाक्याला उत्तर न देणं अवघड जातं. तरी नाही आलं तर नमुना तपासायची परवानगी ज्या संस्थेकडे असते, म्हणजे संशोधन संस्था किंवा सागरी विषय शिकवणारं कॉलेज, त्यांना सोबत घ्या, त्यांचं पत्र गेलं की फाइल हलते.

आणि गट करायचा असेल तर मोठा नको. एक डाइव्ह गाइड, एक-दोन होडीवाले, एखादी शाळेतली बाई किंवा सर, आणि एक्सेल शीट न कंटाळता भरणारा एक माणूस. जागा पण चारच ठरवा: जेटीचा एक खांब, एक बोया, किल्ल्याजवळची एक कपार, आणि जूनमध्ये वर ओढलेल्या होड्यांची रांग. त्याच चार जागा, त्याच कोनातून फोटो, महिन्यातून एकदा. जेटी अभयारण्याच्या हद्दीत येते का बाहेर हे आधी वनविभागाकडून नकाशावर दाखवून घ्या. हद्दीबाहेर येत असेल तर बंदर खात्याला विचारून तिथे एक साधी पीव्हीसीची प्लेट सुकतीच्या रेषेखाली मीटरभर टांगता येते, १५ बाय १५ सेंटीमीटरची पुरते. ती दर महिन्याला वर काढून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे आणि परत सोडायची, खरवडायची नाही. खालच्या सावलीतल्या बाजूवर आधी जीव बसतात त्यामुळे फोटोच्या नावात वरची बाजू, खालची बाजू असं लिहायला विसरू नका, नाहीतर सहा महिन्यांनी कुठली कुठली ते तुम्हालाच कळणार नाही.